साडेसहाची हाक

९ एप्रिल २०२४, मंगळवार. पाडवा.

१९८५ चा मे महिना. बसवनगुडीतल्या ह्याच घराची गच्ची, संध्याकाळची वेळ. मी रसपुरी आंबे चिरत होते आणि हे समोर कागद-पेन्सिल घेऊन मांडी घालून बसले होते. हौशी रेडिओच्या लायसनची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी चमच्याने स्टीलच्या ताटलीवर मोर्स वाजवायची आणि ह्यांनी अक्षरं लिहायची. ताटलीवर लांब आवाज निघत नाही, म्हणून छोट्यासाठी मधोमध आणि लांबासाठी काठावर, असं आमचं ठरलेलं. खालून सासूबाईंनी विचारलं, "श्यामला, त्या ताटलीनं काय घोडं मारलंय गं तुझं?" हे हसले, पेन्सिलीचं टोक मोडलं, आणि मान वर न करताच त्यांनी फोडीसाठी हात पुढे केला. एवढंच. विशेष काही घडलं नाही. पण आज सकाळपासून तो पुढे केलेला हात दिसतोय.

परीक्षा हे पास झाले. मोर्स खरं तर मला त्यांच्या आधी आली. कॉन्व्हेंटात सिस्टर डिक्टेशन घ्यायच्या, कानाला सवय होती. माझा फॉर्म पुढच्या वर्षी भरू असं ठरलं. पुढच्या वर्षी प्रणीत झाला.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. हे जाऊन परवा सात महिने होतील. सावंतवाडीला दयानंद नावाचे एक निवृत्त तारमास्तर आहेत. वय चौऱ्याऐंशी, एकटे राहतात. छत्तीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला ते ह्यांना रेडिओवर हाक मारत आणि अर्धा तास दोघांचं टकटक बोलणं चाले. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. हे गेल्यावर चौदाव्या दिवशी मी ह्यांच्या खोलीत धूळ पुसायला गेले आणि सेट चालू केला, का ते माहीत नाही. ह्यांची कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं ते अक्षरांचं नाव, पुन्हा पुन्हा येत होती. हाक, मग शांतता. हाक, मग शांतता. मास्तरांना कुणी कळवलंच नव्हतं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, मोर्सची बारीक शिटी तेवढी कानात शिरते. मी सांगायलाच बसले होते. मोर्स वाजवायच्या पितळी खटक्यावर बोटं ठेवली. त्यांनी विचारलं, तब्येत कशी? बोटांनी उत्तर दिलं, बरी.

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास मी बिंदुमाधव होते.

आज त्यांनी नेहमीचं विचारलं, श्यामलाताई कशा आहेत? मी वाजवलं, बरी आहे, हल्ली कमी बोलते.

१७ एप्रिल, बुधवार

रामनवमी. गुळाचं पानक केलं, मुगडाळीची कोसंबरी केली. प्रणीत, सून सिद्धी आणि नात अनुषा हेब्बाळहून आली. अनुषा तीन पेले पानक प्यायली. पोरगी बारा वर्षांची झाली. मोबाइलवर मोर्स शिकते आहे म्हणे. प्रणीत म्हणाला, "घ्या. एक पिढी सुटली असं वाटलं होतं."

सकाळी एक अडचण झाली. हे आणि मास्तर दर एप्रिलात आंब्यावरून भांडायचे. हे म्हणायचे हापूस म्हणजे नुसती जाहिरात, आंबा असेल तर रसपुरी. मास्तर मग आठवडाभर रागाने तुटक बोलायचे. आज त्यांनी विषय काढला, यंदा कुठला सरस? मला भांडता येईना. वाजवलं, दोन्ही चांगले. मग आलं, बरोबर आहे.

वय झालं की माणूस मऊ होत असावा. त्यांचा वेगही किती कमी झालाय. पूर्वी स्वयंपाकघरातून कान दिला तर मला निम्मंच कळायचं. आता एकेक अक्षर सुटं, सिस्टरच्या डिक्टेशनसारखं.

ह्यांचे हेडफोन घालते तेव्हा कानाशी ह्यांच्या तेलाचा वास येतो. अजून येतो. तो वास संपेल तेव्हा काय, हा विचार मी करत नाही.

२८ एप्रिल, रविवार

सावंतवाडीहून हापूसची पेटी आली. गवतात बसवलेले दोन डझन, अजून हिरवे. लेबलावर 'श्रीमती श्यामला' असं छापलंय. ह्यांचं नाव नाही. पार्सलच्या दुकानातल्या मुलींना सौ. काय आणि श्रीमती काय, सगळं सारखंच. तरी ते लेबल मी सोलून काढलं आणि फेकलं नाही.

संध्याकाळी नागराज अण्णांचा फोन. ते क्लबाचे जुने सेक्रेटरी, ह्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. (कन्नडच बोलतात, मी इथे मराठीत लिहिते.) एकोणीस मेला क्लबाचा उन्हाळी मेळावा. हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्याला, प्रतापरावांच्या आंब्याच्या बागेत. "सगळ्यांना घेऊन या अक्का. आणि बिंदूचा खटका आणा. हजेरी आहे."

हजेरी म्हणजे काय ते मला माहीत आहे. वर्षभरात जो गेला त्याची कॉलसाइन मेळाव्यात तीनदा हाकारतात. प्रत्येक हाकेनंतर उत्तर यायला लागेल एवढा वेळ सगळे गप्प राहतात. कुणी खटक्याला हात लावत नाही. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही की ते नाव संपलं. पुन्हा ते हवेत उच्चारायचं नाही. देशभरातले क्लबाचे मित्र त्या वेळी आपापल्या घरी सेट लावून बसतात. मास्तर दर वर्षी बसतात.

म्हणजे एकोणीसला त्यांना कळणार. की त्यांचा मित्र सप्टेंबरातच गेला आणि आठ महिने कुणीतरी त्याच्या नावाने बोलत होतं. ह्या वयात त्यांना काही झालं तर?

आणि माझी साडेसहाची वेळ जाणार. हेही लिहायलाच हवं. मला भीती नक्की कशाची वाटते, ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

तीन जूनला गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याची मात्र अजिबात भीती वाटत नाही.

६ मे, सोमवार

नागराज अण्णांना फोन केला. म्हटलं, यंदा ह्यांचं नाव नाही घेतलं तर? पुढच्या वर्षी घ्या. ते गोंधळले. "अक्का, गेल्या वर्षी यादी बिंदूनंच वाचली होती. त्याला चाललं असतं का हे?" नसतं चाललं. मी फोन ठेवला.

मग ठरवलं, आपणच सांगायचं, मेळाव्याच्या आधी. आज सकाळी वाजवलं, एक वाईट बातमी आहे. लगेच उलट आलं, बातमी राहू द्या, आंबे पिकले का? मी वाजवलं, आठ पिकले. त्यांनी विचारलं, श्यामलाताईंनी खाल्ला? नाही म्हटलं. ते म्हणाले, आधी त्यांना द्या, मग बाकीचं.

एवढ्या प्रेमाने विचारणाऱ्या माणसाला कसं सांगू? खाल्ला मी आंबा. उभ्याने, ओट्याशी.

१८ मे, शनिवार

आजचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्यानंतर असं बोलणं नाही.

ते: उद्या मेळावा. श्यामलाताईंना नेणार ना?
मी: नेतो.
ते: उन्हात बसवू नका. गुडघा दुखेल. जेवायला लावा.
मी: ती जेवते.
ते: पूर्वीसारखी नाही.
मी: नाही.
ते: रडतात का?
मी: माझ्यासमोर नाही.

मग आलं, तुम्ही फार चांगला संसार केलात. आणि निरोपाची दोन टिंबं.

माझ्यासमोर नाही, हे उत्तर मी दिलं. ह्यांच्या जागी बसून माझ्याबद्दल दिलं.

१९ मे, रविवार

थकले आहे, पण आज लिहिलं नाही तर उद्या ते दुसरंच काही होईल.

सातला निघालो. सिद्धीने मागे उशा लावल्या. "आई, कम्फर्टेबल आहात ना? एसी वाढवू?" खटक्याचा डबा मी मांडीवर धरला होता. प्रणीत आरशातून बघत म्हणाला, "अम्मा, त्याला सीटबेल्ट पण लाव."

"गप गाडी चालव."

"मी गप्पच आहे. लहानपणापासून. अण्णांनी अख्ख्या जगाला गुड मॉर्निंग म्हटलं, मला शाळेत जाताना त्यांची पाठ दिसायची."

सिद्धीने त्याच्या हातावर हात ठेवला. वडिलांबद्दल हे त्याने कधी एवढं उघड म्हटलं नव्हतं.

बाग सुंदर. झाडांना तोतापुरी लोंबत होती, आणि ह्या झाडावरून त्या झाडावर ह्या लोकांनी एरियलच्या तारा ताणल्या होत्या. प्रतापरावांची बायको मला म्हणाली, "लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदा काय विचारलं असेल, अक्का? तुझी कपडे वाळत घालायची तार किती फुटांची आहे." बायकांची वेगळी सतरंजी होती. ताडगोळे सोलून ठेवले होते, थंडगार, बोटांतून निसटणारे. मडक्यात मजिगे, म्हणजे ताक, वर कढीपत्ता. मी कैरीची डाळ नेली होती, सिद्धीने आम्रखंड, आणि मास्तरांच्या पेटीतले उरलेले सोळा आंबे. अनुषा एका टेबलापाशी बसून चंदीगडच्या कुणाशी तरी बोलत होती, आपलं नाव एकेक अक्षर फोडून सांगत. तिची पाठ दिसत होती. मी प्रणीतकडे बघितलं. तोही तिकडेच बघत होता.

बाराला हजेरी. सगळे उठून मोठ्या झाडाखाली आले. यंदा एकच नाव. मला खुर्ची दिली, मी डबा मांडीवर घेऊन बसले, अनुषा शेजारी उभी राहिली. नागराज अण्णांनी टोपी काढली आणि ह्यांची कॉलसाइन वाजवली. मोर्समध्येच, स्पीकरवर.

थांबले.

बागेत एवढी माणसं, पण पानाचा आवाज नाही. स्पीकरमधून नुसती खरखर. मी मास्तरांचा विचार करत होते. आता ते कानावर हात दाबून बसले असतील. आता त्यांना वाटत असेल ही चूक आहे, आत्ता बिंदू उत्तर देईल.

दुसरी हाक. थांबले.

तिसरी. त्या तिसऱ्या शांततेत टकटक ऐकू आली, अगदी जवळून. मी खाली पाहिलं. माझी दोन बोटं डब्याच्या झाकणावर वाजत होती. आठ महिने रोज सकाळी देत होते तेच उत्तर. हजर, हजर.

अनुषाने माझा हात धरला. कानाशी येऊन म्हणाली, "अज्जी, आता उत्तर द्यायचं नसतं."

आणखी कुणी ऐकलं नाही. नागराज अण्णा म्हणाले, बिंदुमाधव, मौन. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग कुणीतरी घसा खाकरला आणि पानं मांडली गेली.

मावीनकायी चित्रान्न होतं, माझं आवडतं. किसलेल्या कैरीचा भात, वर शेंगदाणे. एक घास घेतला. नागराज अण्णा शेजारी येऊन बसले. "स्वल्प तरी जेवा, अक्का." मी विचारलंच, "अण्णा, सावंतवाडीच्या तारमास्तरांना आता कळलं असेल ना? त्यांना कोण आहे तिथं? कुणाला तरी पाठवा."

"काय कळलं?"

"हे गेले ते."

नागराज अण्णांनी ताक खाली ठेवलं. "त्यांना मी दहाव्या दिवशीच कार्ड टाकलं होतं, अक्का. नियमच आहे क्लबाचा. त्यांचं उत्तरही आलं लगेच. काय सुंदर अक्षर त्यांचं. लिहिलं होतं, कार्ड मिळालं, मी काही दिवस त्याच्या वेळेला त्याला हाक मारणार आहे, उत्तर यायचं नाही हे ठाऊक आहे, हरकत नसावी."

त्यांनी ताक पुन्हा उचललं.

"मग दसऱ्याच्या सुमाराला आणखी एक कार्ड. ह्या विषयावर क्लबात चर्चा करू नये. एवढंच. कुठला विषय, मला आजतागायत कळलेलं नाही. वय झालंय त्यांचं."

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं.

सिद्धीने मास्तरांचे आंबे चिरून आणले होते. पहिली फोड मला दिली. मी खाल्ली. गोड होता.

आता उमगतं आहे. त्या चौदाव्या सकाळी ते अजाण नव्हते. मेलेल्या मित्राला हाका मारत होते, शांतता येणार ह्याची खात्री धरून, आपल्या पद्धतीचं तर्पण. आणि शांततेच्या जागी उत्तर आलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, एकटा घरात, दिवस नुकता उजाडलेला, आणि मेलेला माणूस म्हणतो, बरी आहे. त्यांच्या काळजाचं काय झालं असेल? तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. आयुष्यभर तारेवर बसलेल्या माणसाला दोन अक्षरांत कळलं असणार हा हात बिंदूचा नाही. आणि मग आठ महिने त्यांनी माझी चौकशी केली. मलाच विचारून.

मला वाटायचं, निदान एका माणसापुरते हे अजून जिवंत आहेत. ते खोटं नव्हतं. फक्त तो माणूस सावंतवाडीला नव्हता.

येताना गाडीत सगळे झोपले, प्रणीत सोडून. हेब्बाळच्या पुलावर तो म्हणाला, "अम्मा, बरी आहेस?" मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

२० मे, सोमवार

सव्वासहाला जाऊन बसले. सेट लावला, हेडफोन घातले. साडेसहा झाले. हाक आली नाही.

अर्थात आली नाही. ते नियमाचे पक्के. नाव संपलं, आता ते हवेत उच्चारायचं नाही. माझं तर नावच नाही, मी परीक्षा दिलेली नाही, मला कुठल्या अक्षरांनी हाक मारतील?

पण ते पलीकडे बसलेले होते हे मला पक्कं माहीत आहे. सेटच्या खरखरीत बसलेला माणूस वेगळा ऐकू येतो. कुणाला हे पटायचं नाही. सात वाजेपर्यंत आम्ही दोघं बसलो. कुणीच कुणाला हाक मारली नाही. मग मी सेट बंद केला आणि पहिल्यांदाच तारही भिंतीतून काढली.

खोली इतकी मोठी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२ जून, रविवार

उद्या ऑपरेशन. सकाळी सातला दाखल व्हायचंय. डॉक्टर म्हणतात दोन तासांचं काम, काळजी नको. काळजी नाही. पण भूल देणार, आणि मी घरातली शिस्तीची बाई आहे, तेव्हा लिहून ठेवते. हे पान सिद्धीने वाचावं. ती घाबरत नाही आणि पुड्या नीट बांधते.

पितळी खटका दयानंद मास्तरांना पाठवावा. सोबत मी लिहिलेलं पत्र आहे, पाकीट चिकटवलेलं आहे, उघडू नये. खटका पॉलिश करू नये. गुंडीवर बोटांचा मळ बसला आहे, ह्यांचा खाली, माझा वर. त्यांना तो तसाच हवा असेल. ते नसतील तर परत मागवू नये.

सेट अनुषाचा. पण लायसन मिळाल्यावरच, आधी एक दिवसही नाही. तिला हे मी सांगितलं म्हणून सांगावं, आणि का ते ती मोठी झाल्यावर सांगावं. हेडफोन तिला देऊ नयेत, नवे घ्यावेत. जुने माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात राहू द्यात.

गच्चीवरच्या तारा आणि खांब नागराज अण्णांना. ते माणसं घेऊन येतील. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नये.

माझ्या दोन रेशमी साड्या सिद्धीच्या. हिरवी तिला शोभते, तिने आजवर कधी मागितली नाही म्हणून लिहिते.

ह्यांच्या नोंदवह्या, एकूण एकोणतीस, प्रणीतच्या. टाकू नयेत, क्लबालाही देऊ नयेत. कोण कुणाशी किती वाजता बोललं, आवाज कसा होता, एवढंच त्यात आहे, आणि तो म्हणेल त्याला त्यातलं काय कळणार. शेवटच्या वहीत २४ सप्टेंबरपासूनचं अक्षर माझं आहे. ते का, हे त्याने मला विचारावं. मी असेन तर सांगेन.

पण त्याने आधी पहिली वही काढावी. १९८६, चार फेब्रुवारी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी रेडिओ लावलेलाच नव्हता, हे इस्पितळात होते, घरी येऊन लिहिलंय. स्टेशनच्या रकान्यात लिहिलंय, मुलगा. आवाजाच्या रकान्यात, पाच-नऊ. म्हणजे काय ते अनुषा सांगेल. पूर्ण स्पष्ट, पूर्ण जोरात. ह्या लोकांत त्याच्या वर आकडा नाही.